पुढाऱ्याचे गाव की गावाचा पुढारी?

मराठवाड्यातील खेड्यात पुढारी कोठे नसतो, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे कठीण जाईल. लग्नात अक्षता टाकायला तो असतो, मौतीला असतो. सप्ताहाच्या काल्याला, कुस्त्यांच्या फडाला, भावकीच्या वाटणीला आणि दवाखान्यातल्या खाटेपाशी त्याला बोलावणे जाते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत आमदाराची परीक्षा विधानसभेतील भाषणावरून क्वचितच होते. साहेब दहाव्याला आले होते की नाही, यावरून ती बहुधा होते. या आपुलकीची चेष्टा करण्याचे कारण नाही. ज्या माणसाकडे कोणीच पाहत नाही, त्याच्या दारी कोणी येणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या आपुलकीच्या आश्रयाने गावकारभाराची जी रीत रूढ झाली, तिचा हिशेब मांडणे मात्र अगत्याचे झाले आहे.

या रीतीचे मूळ इतिहासात आहे. निजामी राजवटीत शासन म्हणजे तालुक्याची कचेरी, गावचा पाटील आणि देशमुखाचा वाडा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. कागदावर सत्ता गावात पोचली. पण ज्याला अर्ज लिहिता येत नव्हता, त्याला कचेरीची पायरी चढण्यासाठी सोबती हवाच होता. तो सोबती म्हणजे पुढारी. वाड्याची जागा पुढाऱ्याने घेतली. वाड्यापुढे जोडे काढावे लागत, पुढाऱ्यापुढे ते काढावे लागले नाहीत, एवढा पालट निश्चित झाला. तो कमी मोलाचा नव्हता.

नांदेड जिल्ह्यातील कंधारचे भाई केशवराव धोंडगे हे या पालटाचे ठळक उदाहरण. १९५७ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे ते विधानसभेत गेले, पुढे अनेकदा निवडून आले आणि १९७७ मध्ये नांदेडचे खासदार झाले. आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला. मन्याडच्या खोऱ्यात त्यांनी शाळा-महाविद्यालये उभी केली आणि संस्थेच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला. गुराख्यांचे साहित्य संमेलन भरविणारा हा माणूस खेड्यातल्या शेवटच्या माणसाला व्यासपीठावर बसवू पाहत होता. १ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. सत्तेबाहेर राहून गावाच्या कामात कसे उतरावे, याचा तो एक धडा होता. समाजवाद्यांचा मार्ग त्यांच्या पक्षाहून वेगळा होता. पण तेवढ्यासाठी हे ऋण नाकारणे कोतेपणाचे ठरेल.

लातूरचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. विलासराव देशमुख १९७४ ते १९७६ या काळात बाभळगावचे सरपंच होते. तेथून पंचायत समिती, विधानसभा आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्रिपद असा त्यांचा प्रवास झाला. मांजरा साखर कारखाना त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्यांच्याच कारकिर्दीत गाडगेबाबांच्या नावाची ग्रामस्वच्छता मोहीम आणि २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने आपले भांडण आपणच मिटवावे, ही त्या दुसऱ्या मोहिमेची कल्पना होती आणि एका माजी सरपंचाच्या सरकारला ती शोभणारी होती.

परंतु याच कारकिर्दीतील २००६ चे एक प्रकरणही विसरता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी सावकारीच्या तक्रारी घेऊन पोलिसांकडे गेले. सावकार सत्ताधारी आमदाराच्या कुटुंबातला होता. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून फोन गेला आणि तक्रारींच्या वाटेत अडसर उभा राहिला. उच्च न्यायालयाने सरकारला २५ हजार रुपये भरण्यास सांगितले. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम १० लाखांवर नेली आणि हा हस्तक्षेप कठोर शब्दांत निषिद्ध ठरविला. एका व्यक्तीच्या दोषापुरता या प्रकरणाचा अर्थ मर्यादित नाही. पुढाऱ्याचा फोन गरिबाचे काम करून देतो, हे गावाने पाहिलेले असते. तोच फोन गरिबाचे काम अडवूही शकतो, हे गावाला फार उशिरा कळते. फोनवर चालणाऱ्या कारभारात गरिबाला हक्क उरत नाही, केवळ वशिला उरतो. आणि वशिल्याच्या बाजारात सावकाराची पत शेतकऱ्यापेक्षा नेहमीच मोठी असते.

हक्क आणि कृपा यांतला भेद मराठवाड्याने स्वतः अनुभवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आकाराला आलेली रोजगार हमी योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याच्या रूपाने अमलात आली. त्या कायद्याने काम मागणाऱ्या मजुराला कोणाची चिठ्ठी आणण्याची अट घातली नाही. खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा अधिकार मिळाला आणि तो देणे सरकारला बंधनकारक झाले. अंमलबजावणीतील गैरप्रकार कितीही मोजले, तरी त्या एका तत्त्वाने खेड्यातील मजुराची मान जितकी वर केली, तितकी शंभर पुढाऱ्यांच्या शिफारसपत्रांनी केली नाही.

या दृष्टीने १९९३ हे वर्ष विचार करण्याजोगे आहे. त्या वर्षी २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीमागोमाग, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली. सुमारे ८ हजार माणसे दगावली. आणि डिसेंबरात खासदारांना आपल्या मर्जीने कामे सुचविण्यासाठी स्थानिक विकास निधी मिळू लागला. एकाच वर्षात गावाला अधिकार मिळाला, गावावर आकाश कोसळले आणि पुढाऱ्याच्या हाती थैली आली.

किल्लारीने जे दाखविले ते डोळे उघडणारे होते. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांची मापे जमिनीच्या मापाने ठरली: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. पुनर्वसनाने जुनी विषमता सिमेंटमध्ये पक्की केली. मदत पोचविण्यात तत्परता दिसली, हे मान्यच केले पाहिजे. पण नव्या गावात कोणाचे घर कोठे आणि केवढे, हे ठरविताना भूमिहीनाचा शब्द कितीसा चालला? याउलट, जेथे घरे जागीच दुरुस्त करायची होती, त्या शेकडो गावांत स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. त्यांनी अनुदानाचे नियम घरोघर समजावले आणि बांधकामावर लक्ष ठेवले. ज्यांना चावडीवर बोलण्याची मुभा नव्हती, त्या अनुदानाची आणि कामाची विचारपूस करू लागल्या. पुढाऱ्याची वाट न पाहता गाव चालू शकते, याचा हा पुरावा होता.

तो पुरावा लवकरच झाकला गेला. निधीची वाट मात्र रुंद होत गेली. खासदारांच्या निधीची मर्यादा २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटींवर गेली; आमदारांचा निधीही वाढत राहिला. लोकप्रतिनिधींनी सुचविलेल्या ग्रामीण कामांचे जे लेखाशीर्ष आहे, ते 'पंचवीस-पंधरा' या नावाने खेडोपाडी सर्वांना पाठ आहे. ग्रामसभेची कलमे कितीजणांना पाठ आहेत? परिणाम उघड आहे. गावाला पाण्याची टाकी हवी असते आणि सभामंडप मिळतो. शाळेची भिंत पडलेली असते आणि वेशीवर कमान उभी राहते, कारण कमानीवर नाव कोरता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ दिवशी ग्रामसभा बोलावली जाते. कोरम नाही म्हणून ती तहकूब होते आणि निर्णय तालुक्याच्या बंगल्यावर होतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. गाव म्हणजे तरी कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या संकुचितपणाविषयी जो इशारा दिला, तो मराठवाड्याने खरा करून दाखविला. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यातील खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. त्या दिवसांत लग्नाला आणि दहाव्याला न चुकता येणारे किती पुढारी त्या वस्त्यांत जाऊन उभे राहिले? मतांची बेरीज करणारा पुढारी अशा वेळी बहुसंख्येच्या रागाला दुखवीत नाही. म्हणून ग्रामसभेचे गोडवे गाणे पुरेसे नाही. ज्या सभेत दलित वस्ती मागे उभी राहते आणि स्त्रिया घरी राहतात, ती सभा वाड्याचीच दुसरी आवृत्ती होय. परंतु या दुखण्यावर पुढाऱ्याची कृपा हा उपाय नाही. वस्तीनिहाय वार्डसभा, स्त्रियांची स्वतंत्र सभा, आणि तेथील ठराव मुख्य सभेत वाचून दाखविण्याची सक्ती, हाच उपाय आहे.

म्हणून मागणी साधी आहे. लोकप्रतिनिधीच्या निधीतील गावापुरते कोणतेही काम ग्रामसभेच्या ठरावाशिवाय मंजूर होऊ नये. काम संपल्यावर त्याचा खर्च, ठेकेदाराचे नाव आणि देयक याच सभेत मोठ्याने वाचले जावे. सार्वजनिक पैशाच्या कामावर कोणाही हयात पुढाऱ्याचे नाव कोरले जाऊ नये. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. पुढाऱ्याचा मान थोडा खर्ची पडेल, एवढेच.

आमदार असो की मंत्री, तो कोणत्यातरी एका गावचा मतदार असतो, आणि त्या नात्याने तेथील ग्रामसभेचा एक सभासद. तेथे त्याला एकच हात वर करता येतो, आणि शेजारी बसलेल्या सालगड्यालाही तेवढाच. सत्काराचा हार, माईक आणि राखीव खुर्ची बाजूला ठेवून जो पुढारी आपल्या गावच्या सभेत सतरंजीवर बसेल आणि ठराव आपल्या विरुद्ध गेला तरी तो मान्य करील, त्याला गावाचा पुढारी म्हणावे. तोपर्यंत नांदेड-लातूरची खेडी पुढाऱ्यांचीच राहतील.