पुढची खुर्ची कोणाची?

मननासाठी वचन : याकोब २:१-९



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निवडणूक आठवड्यावर आली होती. आमच्या अंबरपेठ भागातील एका चर्चमध्ये रविवारची उपासना चालू असताना मागच्या दाराने आठ-दहा माणसे आत आली. गळ्यात पक्षाची उपरणी, मध्ये उमेदवार. मी दाराजवळच उभा होतो. मला कोणी सांगितले नव्हते, तरी मी लगबगीने पुढे गेलो आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींना म्हणालो, "आजी, जरा मागे बसता का?" आजी काठी टेकत उठल्या. त्यांच्या खुर्चीवर उमेदवार बसले. शेवटच्या आशीर्वादाआधी त्यांच्या हाती माईक दिला गेला. दफनभूमीला कुंपण घालून देऊ, तुमच्या माणसांची कामे करू, फक्त आमच्यावर लक्ष असू द्या, असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढच्याच रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय होता. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो, त्याला चांगली जागा मिळते, आणि गरिबाला सांगतात की तू तिकडे उभा राहा. मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, त्या आजींना तुम्हीच उठवलं होतं ना?"

मला उत्तर देता आले नाही. आजचे मनन हे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. उमेदवार चर्चमध्ये प्रार्थनेला आला तर त्याचे स्वागतच आहे. देवाचे घर सर्वांचे आहे. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, असे पौल तीमथ्याला लिहितो, आणि आपण ती दर रविवारी करतो. पण प्रार्थनेला येणारा गुडघे टेकतो, मते मागणारा माईक मागतो. हा फरक आपण विसरलो, की वेदीसमोरचे व्यासपीठ प्रचाराचे होते.

देशाचा कायदाही हेच सांगतो. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च किंवा कोणतेही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही. १९८८ च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे संस्थेच्या आवारात राजकीय कार्य चालू देणे हा गुन्हा आहे. त्याची जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांवरही येते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आहे. म्हणजे उमेदवार भाषण करून निघून जातो, आणि अडकतात आपले पाळक, फादर आणि कमिटी. धर्माच्या नावावर मते मागण्याबाबतचा महत्त्वाचा निकाल तर मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात लागला. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले, की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने मते मागणे हाही भ्रष्टाचार आहे.

यावर माझे मित्र म्हणतात, "सर, आपण मूठभर. एरवी आपल्याकडे कोण येतं? पाच वर्षांतून एकदा येतात, तेव्हा तरी मागून घ्यावं." या म्हणण्यात दुःख आहे आणि ते खोटे नाही. शहरात दफनासाठी जागा मिळणे कठीण झाले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती आजही मिळत नाहीत. तेलंगणात त्याला मागासवर्गीयांतील 'सी' गटात अवघे एक टक्का आरक्षण आहे. हे प्रश्न राजकारणाचेच आहेत आणि ते राजकारण्यांना विचारलेच पाहिजेत. ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून दूर राहावे, असे मी म्हणत नाही.

पण ते नागरिक म्हणून विचारावेत. नगरसेवकाच्या कार्यालयात, वस्तीच्या सभेत, लेखी अर्जावर, शेजारच्या हिंदू-मुसलमान बांधवांना बरोबर घेऊन. दफनभूमीचे कुंपण हा आपला हक्क आहे. टाळ्यांच्या बदल्यात घेतले, की ते उपकार होतात. आणि उपकार करणारा पुढच्या वेळी हिशेब मागतो. नाताळात हैदराबादच्या एल. बी. स्टेडियमवर सरकारी मेजवानी होते, कपड्यांचे वाटपही झाले आहे. तो पैसा कोणा नेत्याच्या खिशातला नाही, आपणा सर्वांच्या करातला आहे, हे मुलांना आपणच शिकवायला हवे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे फार आधी ओळखले होते. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. आपल्या समाजाच्या खुर्च्या सोडून त्यांनी सर्वांसाठी धर्मस्वातंत्र्य पसंत केले. ते पंचविसाव्या कलमात आजही आपल्याजवळ आहे. ज्यांनी मतपेढी होण्याचे नाकारले, त्यांच्या नातवंडांनी एका कुंपणासाठी मतपेढी व्हावे का?

हा नियम आपल्यालाही लागू आहे. पुलपिटावरून कोणाला मत द्या आणि कोणाला देऊ नका, हे सांगू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले, की राज्यसंस्था आणि ख्रिस्तसभा आपापल्या क्षेत्रात स्वायत्त आहेत. पाळकाने गरिबांचा न्याय, सत्य, लाच न घेणे यांवर खुशाल बोलावे, नव्हे, बोललेच पाहिजे. पण बाकावर बसलेल्या दोन भावांनी वेगवेगळ्या पक्षांना मत दिले, तरी दोघांना एकाच भाकरीत वाटा मिळाला पाहिजे. पक्षाचे नाव वेदीवर आले, की त्या दोघांतला एक परका होतो. आणि दुसऱ्या धर्माच्या ठिकाणी प्रचार झाला की आपण घाबरतो, तक्रार करतो. आपल्याकडे झाला तर टाळ्या वाजवतो. मग आपली तक्रार कोण ऐकेल?

प्रभूला लोक बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला, असे योहान सांगतो. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला देताना त्याने आधी नाणे हातात घेऊन त्यावर कोणाचा मुखवटा आहे हे विचारले. प्रार्थनेला बसलेल्या माणसावर मुखवटा देवाचा आहे. तो कोणा उमेदवाराला देऊन टाकायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून येत्या निवडणुकीपूर्वी आपल्या कमिटीने तीन गोष्टी ठरवाव्यात, ही नम्र विनंती. उपासनेत कोणत्याही उमेदवाराला माईक नाही. आवारात पक्षाचे उपरणे, झेंडा, पत्रक नाही. आणि आला तर त्याला बसायला सांगावे, जिथे जागा रिकामी असेल तिथे, सर्वांसारखे.

त्या आजी आता प्रभूकडे गेल्या आहेत. मी त्यांची क्षमा मागितली होती. त्या हसून म्हणाल्या होत्या, "अरे बाळा, मला मागूनही ऐकू येत होतं. पण त्या दिवशी ऐकण्यासारखं काही नव्हतं."

प्रभू आपणा सर्वांना सुबुद्धी देवो. आमेन.