रिमोटचा गोंधळ आणि विसराळूपणा
कोथरूड वा सदाशिव पेठेतील अनेक घरांत आज केवळ ज्येष्ठ दांपत्ये राहतात. टीपॉयवर मात्र टीव्ही, सेट-टॉप बॉक्स व साउंडबारचे तीन रिमोट असतात. त्यांत गोंधळ होताच परदेशस्थ मुलांना स्मृतिभ्रंशाची शंका येते. असा निष्कर्ष घाईचा ठरतो. उपकरणे एचडीएमआय केबलने जोडलेली असल्यास टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ‘सीईसी’ सुरू करावे. सॅमसंग त्यास ‘एनीनेट प्लस’, तर एलजी ‘सिमप्लिंक’ म्हणते. जोडलेल्या उपकरणातही ही सोय असेल, तर बरीचशी कामे एकाच रिमोटने होतात. त्यानंतरही नेहमीची बटणे उमगेनाशी झाली, औषधांत वा पैशांच्या व्यवहारांत चुका होऊ लागल्या, तर मात्र तपासणी लांबवू नये. थायरॉइडचे विकार आणि बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपचार आहेत.