दणकट कोण : कबड्डीवाले की खो-खोवाले?

क्रीडास्पर्धा जवळ आल्या की आपल्या मुलांमध्ये एक वाद ठरलेला असतो. कबड्डीवाले म्हणतात, "खो-खो हा मुलींचा खेळ. नुसते पळायचे!" खो-खोवाले म्हणतात, "सात जण मिळून एकाला दाबता, त्यात कसला पराक्रम?" थट्टामस्करीला कोणाची हरकत नाही. पण गेल्या वर्षी माझ्या मुलाचा घोटा कबड्डीत मुरगळला आणि त्याने तो तीन दिवस लपवला. कारण विचारले तर म्हणाला, "बाबा, मुले म्हणतील, जा खो-खोत!" म्हणून हा लेखनप्रपंच.

विद्यार्थी मित्रांनो, दोन्ही खेळांकडे जरा नीट पाहा. कबड्डीत चढाई करणारा एकटा, समोर सात जण, तीस सेकंदांची मुदत आणि 'कबड्डी कबड्डी' हा दम तुटता कामा नये. खो-खोत आठ जण ओळीत उकिडवे बसतात. खो मिळताच उठून झेपावायचे आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलायची नाही. एकाला ताकद व धाडस लागते, दुसऱ्याला चपळाई व दमसास. यांची तुलना कोणत्या तराजूत करणार?

खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली तयार केली. कबड्डी 1990 पासून आशियाई स्पर्धांत आहे आणि 2010 पासून तेथे महिलांची कबड्डीही आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. तेव्हा 'मुलींचा खेळ' ही शिवी होऊच शकत नाही.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत तेथील हेल्मेटवाल्या फुटबॉलचे चाहते आपल्या ओळखीच्या फुटबॉलला, म्हणजे सॉकरला, हसतात : "जरा धक्का लागला की लोळतात!" सॉकरवाले म्हणतात, "तुम्ही चिलखत घालून खेळता आणि दर डावानंतर थांबता. आम्ही पंचेचाळीस मिनिटे सलग धावतो." परंतु डोक्याला मार दोन्ही खेळांत बसतो. म्हणूनच 2015 साली अमेरिकेच्या सॉकर संघटनेने दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली. कोणी याला नाजूकपणा म्हणेल. मी शहाणपण म्हणतो.

दुखणे लपवणे म्हणजे दणकटपणा नव्हे. मार लागला तर सरांना त्याच दिवशी सांगायला खरे धैर्य लागते, कारण तेव्हा मित्र हसण्याची भीती असते. पालकांनीही "एवढ्याशा लागण्याने रडतोस काय?" असे म्हणण्यापूर्वी पाय एकदा पाहावा.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की, स्पर्धेपूर्वी मैदानातील खडे वेचून माती भुसभुशीत करून घ्यावी आणि प्रथमोपचाराची पेटी मैदानावरच ठेवावी. आणि एक सूचना : यंदा कबड्डीच्या संघाने खो-खोचा एक डाव खेळावा व खो-खोच्या संघाने कबड्डीचा. संध्याकाळी दोघांच्याही पायांत गोळे आले की वाद आपोआप मिटेल.

— एक पालक