हौद्यात बिऱ्हाड मांडताय? आधी तळ करा

जुना ट्रक घ्यायचा आणि त्याच्या हौद्यातच राहायची सोय करायची, हे आपल्याकडे नवं नाही. जत्रेजत्रेनं दुकान लावणारे हे करतात. पाळणेवाले करतात. तमाशाचे फड करतात. मार्गशीर्षाच्या शेवटी माळेगावच्या खंडोबाला जा, नाहीतर महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या बघा. फाळक्यावर लुगडं वाळत असतं, आतून फोडणीचा वास येत असतो. त्या माणसांचं सहा-आठ महिने तेच घर असतं.

तुम्हीही अशी गाडी करणार असाल तर एवढं ऐका. आधी तळ करा. पलंग, पंखा, कपाट, पडदे सगळं नंतर.

बहुतेकांचं उलटं होतं. उन्हाळ्याची धास्ती असते, म्हणून सगळा पैसा छताला जातो. तळावर एक मॅट अंथरतात आणि सामान मांडून मोकळे होतात. मग पूस महिना येतो. पहाटे लेकरं गारठून उठतात. तोवर तळावर ओटा पक्का झालेला असतो, पाण्याची टाकी बसलेली असते. सगळं उचकटल्याशिवाय तळाला हात लावता येत नाही.

नांदेडला मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. त्याच नांदेडला थंडीत पहाटे तो दहाच्या आसपास येतो. लातूर पठारावर आहे, तिथे रात्रीचा वारा जास्तच बोचतो. घराखाली जमीन असते, ती एकदम तापत नाही आणि एकदम गार पडत नाही. गाडीखाली नुसता वारा असतो. वर पत्रा, खाली पत्रा, मध्ये तुम्ही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. वाकळ अंगावर घेतली की ती फुगलेली राहते, तिच्यात हवा राहते, म्हणून ऊब टिकते. अंगाखालची वाकळ तुमच्या वजनानं दबते. हवा निघून जाते. म्हणून वर दोन पांघरुणं घेऊनही पाठ गारच राहते. हा गारवा खालून येतो. त्याला तळानंच अडवावं लागतं.

आता कामाला लागू.

गाडी विकत घेताना पहिला प्रश्न विचारा: हिच्यात आधी काय भरायचे? भुसार असेल, कापूस असेल, विटा असतील तर हरकत नाही. खत किंवा फवारणीची औषधं असतील, तर हौद्याच्या लाकडी फळ्यांत ती मुरलेली असतात. धुऊन जात नाहीत. त्या फळ्या काढूनच टाका. स्वस्त मिळाली म्हणून ठेवू नका. रांगतं लेकरू त्याच फळीवर हात टेकवणार आहे आणि तोच हात तोंडात घालणार आहे.

मग गाडी रिकामी करून झाडून, धुऊन, चार दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. हातोडीनं पत्रा ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे गंज आतून खातोय. तेवढा भाग कापून वेल्डरकडून नवा पत्रा लावून घ्या. बाकी गंज तारेच्या ब्रशनं घासा आणि रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. सांधे आणि भोकं सिलिकॉननं बुजवा. पण हौद्याला पाणी निघून जायला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, ती बुजवू नका. त्यांना बारीक जाळी लावा, म्हणजे उंदीर-विंचू आत येणार नाहीत.

हे करताना गाडीखाली शिरून नीट बघा. डिझेलची टाकी कुठे आहे, ब्रेकच्या हवेचे पाइप कुठून गेलेत, वायरी कुठे आहेत, सायलेन्सर कुठे आहे, ते खडूनं वर हौद्यात आखून घ्या. पुढे स्क्रू मारताना ती आखणी कामाला येईल. एक लांब स्क्रू ब्रेकच्या पाइपात गेला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. चासीला तर एकही भोक पाडू नका.

आता तळाचे थर. सुताराला बोलवा आणि त्याच्यासमोर हे बोला, कारण तो घरातल्या फर्निचरच्या सवयीनं काम करायला जाईल.

सगळ्यात खाली लाकडी रिपा येतात. दोन इंच उंचीच्या, दर फूट-दीड फुटावर एक. प्रत्येक रिपेखाली रबराची पट्टी घाला. जुन्या ट्यूबची कापलेली चालते. लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा कित्येक शे पट सहज जाते. रीप थेट पत्र्यावर टेकली तर तिच्या वाटेनं थोडा गारवा वर येतोच. रबरानं तो कमी होतो, आणि गाडी चालताना होणारी करकरही थांबते.

रिपांच्या मधल्या घरांत थर्माकोल भरायचा. पॅकिंगमधला पांढरा, दाणे सुटणारा नको. दाट, कडक घ्या. दुकानातच अंगठ्यानं दाबून बघा. खळगा पडला तर तो तळाखाली टिकणार नाही. जाडी दोन इंच. तुकडे घट्ट बसले पाहिजेत. कडेनं बोटभर फट राहिली तर गारवा त्याच फटीतून येतो आणि तुमचे निम्मे पैसे वाया जातात.

चकचकीत चांदीचा कागद लावा म्हणून कुणी गळ घालेल. त्या कागदाला काम करायला समोर मोकळी हवा लागते. छताखाली पोकळी ठेवून लावला तर तो चांगला. थर्माकोल आणि फळीच्या मध्ये दाबून बसवला तर त्याचा काही उपयोग नाही. ते पैसे प्लायवूडला लावा.

थर्माकोलवर जाड प्लास्टिकचा एकसंध कागद. त्याचे सांधे टेपनं चिकटवा. तुम्ही झोपेत श्वास सोडता, भात शिजवता, कपडे वाळवता. ती वाफ खाली जाऊन गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. थंडीत पहाटे उघड्या पत्र्यावरच्या स्क्रूच्या डोक्यांकडे बघा. प्रत्येकावर एकेक थेंब बसलेला दिसेल. तेच पाणी फळीखाली साचलं तर फळी आतून काळी पडते आणि तुम्हाला वर्षभर पत्ताही लागत नाही.

तरी माझं मत विचाराल, तर आपल्या भागात वाफेपेक्षा जास्त नासधूस पावसाचं आणि सांडलेलं पाणी करतं. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल थेट तळाला लागतो. म्हणून चिखलरोधक पट्टे फाटले असतील तर आधी बदला. पाण्याच्या टाकीखाली पसरट ट्रे ठेवा आणि त्याची नळी गाडीबाहेर काढा.

प्लास्टिकच्या कागदावर प्लायवूड. इथे हात आखडू नका. पाण्यात टिकणारं, आयएस ७१० असा शिक्का असलेलं घ्या. जाडी अठरा किंवा एकोणीस मिलिमीटर. बारा मिलिमीटरचं दोन रिपांच्या मध्ये झोळ खाईल. हौद्याच्या भिंतीपासून चौफेर पाच-सहा मिलिमीटर फट सोडा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्याला जागा हवी. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश पाजा, कारण पाणी कडेनंच आत शिरतं.

आणि प्लायवूड चिकटवू नका. स्क्रूनं बसवा. निदान टाकीजवळचा आणि दाराजवळचा तुकडा तरी उचलता आला पाहिजे.

सगळ्यात वर विनायलची जाड मॅट, शक्यतो एकाच तुकड्यात. कडेला ती भिंतीवर तीन-चार इंच वळवून घ्या. म्हणजे हंडा लवंडला तरी पाणी पुसून काढता येईल.

काही जण म्हणतील, शहाबादी बसवू, घरासारखं वाटेल. मराठवाड्यातल्या माणसाला शहाबादीची ओढ असते, ते मला कळतं. पण हिशोब करा. चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद हौदा म्हणजे ८४ चौरस फूट. इंचभर जाडीची शहाबादी एवढ्या जागेला पाचशे किलोच्या घरात जाते. ती गाडीबरोबर हादरते, तडकते. शिवाय थंडीत ती पायाला जास्तच गार लागते. तेवढ्याच जागेला प्लायवूड शंभर किलोच्या आसपास लागतं.

वजनाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात थंडावा असायचा, तो वरच्या मातीच्या जाड थरामुळे. त्याच मातीचं आणि दगडी भिंतींचं ओझं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात हजारो माणसांवर कोसळलं. त्यानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि उन्हाळ्यात भाजून निघाले. ऊन-थंडी अडवायला ओझंच लागतं असं नाही. अडकलेली हवा तेच काम करते, आणि थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच असते. गाडीला हलका थर हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे नीट वाचा आणि घरात सगळ्यांना सांगा.

तळ तुम्ही इतका छान बंद केला की एक नवा धोका तयार होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, तळाशी साचतो. पूर्वीच्या फटीतून तो निघून जायचा. आता जाणार नाही. म्हणून सिलिंडरसाठी वेगळा कप्पा करा, त्याचं दार बाहेरून उघडणारं ठेवा, आणि कप्प्याच्या तळाला जाळीचं भोक पाडा. ते भोक पोतं कोंबून कधीही बंद करू नका, थंडी कितीही असो.

कोळशाची शेगडी आत घेऊन झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. तळ आणि भिंती बंद झाल्या की हा धोका वाढतो. वर एक आणि खाली एक, अशा दोन झडपा कायम उघड्या ठेवा. चूल पेटवायची तर बाहेर.

थर्माकोल भुरकन पेटतो आणि त्याचा काळा धूर छातीत बसतो. तो कुठेही उघडा ठेवू नका. फळीनं झाकलेलाच हवा. सायलेन्सर ज्या जागेखालून गेलाय, तिथे तर थर्माकोल भरूच नका. मोकळी जागा ठेवा किंवा न जळणारी रॉकवूल भरा.

कागदाचं काम आधी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. तुमची गाडी एमएच-२६ असो की एमएच-२४, आरटीओत जाऊन आधी विचारा, लेखी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघात झाला की कंपनी हात वर करायला मोकळी. आणि गाडी चालू असताना हौद्यात कुणीही बसायचं नाही. म्हातारं माणूस झोपलंय, राहू दे, असंही नाही. माणसं केबिनमध्ये, जेवढ्या सीट तेवढी. बाकीच्यांनी एसटीनं यावं.

ज्यांची गाडी स्वतःची नाही, त्यांच्याशी दोन शब्द.

कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या भागांतून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला निघतात. गाडी मुकादमाची किंवा वाहतूकदाराची असते. तिच्यात तुम्ही खिळासुद्धा ठोकू शकत नाही. मुक्कामाला पोचलं की कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, आणि कोपीत खाली ओली काळी जमीन. थंडीचे सगळे दिवस त्यावर काढायचे. वर दिलेला तळ तुम्हाला जमणार नाही. पण त्याचा छोटा भाऊ जमेल.

गावातल्या सुताराकडून चार फूट बाय अडीच फुटांचे पाट करून घ्या. खाली रिपांची चौकट, मध्ये थर्माकोल, वर बारा मिलिमीटर प्लायवूड. पाट लहान, म्हणून दर फुटावर आडवी रीप टाकली की बारा मिलिमीटर पुरतं. एक पाट एका माणसाला उचलतो. असे चार पाट जोडले की आई आणि दोन लेकरं जमिनीवरून वर येतात. गाडीत सामानाखाली घातले तर जागाही अडत नाही. हे पाट पुढची कित्येक वर्षं चालतील.

तेवढाही पैसा नसेल, तर उसाच्या फडात पाचट फुकट आहे. आधी जमिनीवर ताडपत्री. तिच्यावर वीतभर पाचट, पण खडखडीत वाळलेलं. ओलं पाचट कुबट होतं आणि त्यावर बुरशी येते. वर गोणपाट, मग वाकळ. दर पंधरवड्याला पाचट बदला. उचलताना काठीनं उचला, खाली विंचू-साप असू शकतो. चूल पाचटापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. औषधांची रिकामी पोती अंथरायला घेऊ नका.

आणि उचल घेताना मुकादमाला तेव्हाच विचारा की कोप्या कुठे घालायच्या आहेत. उंचवट्यावर जागा मागा. कॅनॉलच्या कडेची, पाणी झिरपणारी जागा मिळाली तर कितीही पाचट घातलं तरी रात्र ओलीच जाते. निघायच्या आधी तुमच्या शब्दाला वजन असतं. तिथे पोचल्यावर राहत नाही.

गाडीचं काम फाल्गुन-चैत्रात काढा. सगळं कोरडं असतं, रंग वाळतो, लाकूड फुगलेलं नसतं. आषाढात तळ बसवला तर ओल आतच कोंडली जाते. तळ झाला की लगेच त्यावर ओटा-कपाट पक्कं करू नका. मृगाचा पहिला दणका बसू द्या. दुसऱ्या दिवशी टाकीजवळचा आणि दाराजवळचा तुकडा उचला, खाली हात घालून बघा. कोरडं असेल तर सामान लावा. ओलं लागलं तर गळती कुठून आहे ते त्याच दिवशी शोधा.