पुनरुक्ती म्हणजे उधळपट्टी नव्हे

२०२० साली शाळा बंद होत्या आणि फळा मोबाइलच्या पडद्यावर आला होता. धडा रंगात आला की चित्राचे चौकोनी तुकडे होत, बाईंचा आवाज तुटे, आणि सगळे म्हणत, ‘रेंज नाही.’ कारण खरे, पण अपुरे. काही दोष आपल्या काटकसरीचाही आहे.

साधा हिशेब करू. चित्रात १९२० × १०८० ठिपके, दर ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट! एवढे ओझे साध्या जोडणीला पेलत नाही. म्हणून संक्षेपण करतात. बाईंच्या मागचा फळा हलत नाही, मग तो पुनःपुन्हा कशाला पाठवायचा? एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि नंतर केवळ बदल कळवायचे. अशा युक्त्यांनी ओझे ५० लाख बिटांच्या आसपास आणता येते.

पण मेख इथेच आहे. आता प्रत्येक चित्र मागच्या चित्रावर विसंबून असते. माहितीचे एक पाकीट वाटेत गळाले, की पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत चूक पसरत जाते. पहिल्याच पायरीवर हातचा चुकला की सारे गणित चुकते, तसेच हे.

आधी मुद्रित केलेल्या धड्यात हरवलेले पाकीट पुन्हा मागवता येते. थेट तासाला तेवढी सवड नसते; तरतूद आधीच हवी. समजा ७, ३, ९ आणि ४ हे आकडे पाठवायचे आहेत. सोबत त्यांची बेरीज २३ पाठवा. वाटेत ९ हरवला, तरी वजाबाकीने परत मिळतो. चुका दुरुस्त करणारी अशी संकेतपद्धती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केली. रीड आणि सॉलोमन यांची पद्धती १९६० सालची. डीव्हीबी या डिजिटल दूरचित्रवाणी पद्धतीच्या पहिल्या पिढीत तिच्याच आधारे १८८ बाइटांच्या पाकिटाला १६ बाइटांची जोड दिली गेली. त्यामुळे ८ बाइटांपर्यंतच्या चुका दुरुस्त होतात.

ही जोड म्हणजे उधळपट्टी काय? एसटीची स्टेपनी रोज लागत नाही, म्हणून कोणी ती उतरवून ठेवत नाही. माझे मत असे, की धड्याच्या प्रक्षेपणाची परीक्षा शहरातल्या उत्तम जोडणीवर नव्हे, तर डोंगराआडच्या वाडीतल्या दुबळ्या जोडणीवर व्हावी. चित्र थोडे अंधुक झाले तरी चालेल. आवाज तुटता कामा नये. चित्राचा तपशील कमी करून वाचलेले बिट आवाजाच्या रक्षणाला द्यावेत.

शिक्षकांनी बेरजेचा हा खेळ वर्गात चिठ्ठ्यांवर जरूर करून पाहावा. एक चिठ्ठी फाडली तर उत्तर मिळते. दोन फाडल्या तर? उपाय मुलांनाच शोधू द्यावा.