पाण्याची बातमी फळ्यावर लिहा



उन्हाळा आला की आपण मुलांकडून 'पाण्याचे महत्त्व' हा निबंध लिहून घेतो. 'पाणी हेच जीवन' हे वाक्य चौथीचं पोरगं झोपेतही लिहील. पण त्याच पोराला विचारा, उद्या आपल्या गावात टँकर किती वाजता येणार? त्याला माहीत नसतं. बहुतेक वेळा त्याच्या आईलाही माहीत नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की दुष्काळी उन्हाळ्यात पाण्याइतकीच पाण्याची बातमीही गरजेची असते, आणि ती रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलीच पाहिजे.

बातमी नसली की काय होतं ते बघा. टँकर सकाळी येणार असं कानावर येतं, म्हणून बाई रोजगार बुडवून विहिरीवर थांबते. टँकर येतो दुपारी तीनला. दिवसाची मजुरी गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर जाते, तर टँकर नेमका नऊला हजर! मग तिसऱ्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलीला घरी ठेवलं जातं. एप्रिलमधल्या सकाळच्या शाळेत हजेरी घेताना "बाई, ती पाण्याला गेलीय" हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे. पाऊस कमी पडला, त्याला आपला इलाज नाही. पण टँकरची वेळ न कळणं हे काही आभाळातून आलेलं संकट नाही.

यावर लगेच उत्तर मिळतं, "ग्रुपवर टाकलंय की!" पूर्वी गावात दवंडी पिटली जायची, ती म्हातारीच्याही कानावर पडायची. आता घरातला मोठा फोन कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो आणि हंडा घरी असलेल्या बाईच्या हातात. शिवाय ग्रुपवरचा मेसेज दुपारपर्यंत 'शुभ सकाळ' आणि वाढदिवसाच्या फोटोंखाली गाडला जातो. ग्रुप असू द्या, चांगलाच आहे. पण फळा सगळ्यांचा असतो. त्याला चार्जिंग लागत नाही आणि त्यावरून कोणाला काढूनही टाकता येत नाही.

फळ्यावर फार काही लिहायचं नाही. टँकर उद्या कुठल्या वस्तीवर, किती वाजता येणार. काल किती खेपा झाल्या. टाकीत किंवा विहिरीत टीसीएल पावडर टाकली का. कोणता हापसा बंद आहे. आणि कोणाची विहीर अधिग्रहित झाली आहे. पाच ओळी पुरेत.

खेपांचा आकडा का लिहायचा, ते चौथीच्या गणितानेच कळेल. ग्रामीण भागात टँकरचं पाणी माणशी रोज २० लिटर या हिशेबाने दिलं जातं. गावाची लोकसंख्या १,५०० धरली तर लागतात ३०,००० लिटर. टँकर १२,००० लिटरचा असेल तर अडीच खेपा, म्हणजे कधी दोन, कधी तीन. आता फळ्यावर आठवडाभर रोज एकच खेप दिसली, तर प्रश्न विचारायला कोणाला भाषण करावं लागणार नाही. आकडाच बोलेल. आणि खेपा पूर्ण होत असतील तर सरपंचावर उगाच होणारा संशयही मिटेल. फळा दोघांच्याही फायद्याचा आहे.

तसंच टँकरच्या मागणीचं. ग्रामपंचायतीचा प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो, पुढे तहसील कार्यालयाकडे जातो, पाहणी होते, मग मंजुरी मिळते. आपला कागद आज कुठे आहे, हे गावाला कळलं तर त्याचा पाठपुरावाही गावच करेल.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ती बातमी देशभर छापून आली. आपल्या वस्तीवरची चुकलेली खेप कोणी छापणार नाही. ती आपणच लिहायला हवी.

"पण लिहिणार कोण? ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावं असतात." हे खरं आहे. म्हणून पाणी सोडणाऱ्या किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने लिहावं, ग्रामसेवकांनी आल्यावर तपासावं. हे काम मुलांच्या गळ्यात मात्र घालू नये. मुलांचं काम वाचायचं. सुट्टीचा अभ्यास म्हणून त्यांना एवढंच सांगा: रोज फळा वाचा, तारीख आणि खेपा वहीत लिहा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वर्गात आपल्याच गावाचा हिशेब असेल. वाचन झालं, गणित झालं, परिसर अभ्यासही झाला.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आपण नेहमी उदाहरण म्हणून सांगतो. तिथली झाडं आणि बंधारे आपल्याला आठवतात, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पाणी किती आहे ते बघून पिकं ठरतात. म्हणजे पाण्याचा आकडा आधी सगळ्या गावाला कळतो, निर्णय मग होतो.

१ मे रोजी ग्रामसभा असते आणि तिच्याआधी महिलांची सभा. त्या सभेत एकच ठराव मांडा, की पावसाळा लागेपर्यंत पाण्याची माहिती रोज फळ्यावर लिहावी. खडूला फारसे पैसे पडत नाहीत. नसेल तर आपल्या शाळेतून एक डबी देऊ या!