साडेनऊचे तेरा तास

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक फिनलंडमधल्या हेलसिंकीवर धरा, दुसरं टोकियोवर, आणि दोरा ताणा. तो जवळजवळ सगळा रशियावर पडतो. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. दोन विमानतळांची नावं टाकली की इंटरनेटवर हाच आकडा येतो आणि सोबत प्रवासाचे साडेनऊ-दहा तास. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ते खरंही होतं.

फिनएअर या कंपनीचा तर अर्धा डोलारा या दोऱ्यावर उभा होता. युरोपातून आशियाला जायची जवळची वाट हेलसिंकीवरून, म्हणून इतर देशांतले प्रवासीही तिथे विमान बदलायचे. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानेही उलट तेच केलं, आणि काही दिवसांत ती वाट मिटली. आता टोकियोहून हेलसिंकीला निघालेलं विमान पश्चिमेकडे वळायचं सोडून पॅसिफिकवर जातं. मग अलास्का, उत्तर ध्रुवाचा परिसर आणि तिथून खाली फिनलंड. सुमारे १३ तास.

हे १३ तास जुनेच आहेत. १९८३ साली याच कंपनीने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत संघाचं आकाश बंद होतं आणि विमान ध्रुवावरूनच जायचं. युरोपातल्या इतर बऱ्याच कंपन्या अलास्कातल्या अँकरेजला इंधन घ्यायला उतरायच्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र फिनएअरच्या प्रवाशांना तेव्हा मिळायचं, २०२२ नंतरही मिळू लागलं. ते हौसेने कोणी जपून ठेवत असेल. मला त्या कागदावर चाळीस वर्षं मागे गेलेला काटा दिसतो आणि वाईट वाटतं.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आपणही त्यांच्या विमानांना केली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. लेकीच्या बाळंतपणाला कॅलिफोर्नियाला निघालेली साठीची आई आधीच पाय सुजवून बसलेली असते. तिला वाढलेला प्रत्येक तास भोगावा लागतो आणि तो वाढणार हे अनेकदा कळतं ते विमानात बसल्यावर. आकाश कधी उघडेल हे कंपन्यांच्या हाती नाही, हे मान्य. पण आज विमान कुठून जाणार, कुठे थांबणार आणि खरे किती तास लागणार, हे पैसे घेण्याआधी सांगणं त्यांच्या हाती नक्कीच आहे. इन्सुलिनची वेळ, डब्यात घ्यायच्या दशम्या, पुढचं विमान, पलीकडे न्यायला येणाऱ्या जावयाची रजा, सगळं त्या तासांवर ठरतं.